जुनी पद्मिनी घ्यायची आहे: कागद, पत्रा, सुटे भाग

नवखा_चालक
१९८४ ची प्रीमियर पद्मिनी बघितली आहे. पेट्रोल, खाजगी, स्टीअरिंगवरचा गिअर. २०१९ पासून शेडमध्ये उभी. आरसीची मुदत २०२४ मध्ये संपली आहे. मूळ मालक हयात नाहीत, मुलगा विकतोय. रंग नवा मारलेला, 'बॅटरी लावली की इंजिन लगेच चालू होतं' असं त्याचं म्हणणं. वापर आठवड्याला ५०-६० किमी. काय बघावं आणि कोणत्या क्रमाने? कंपनीच नाही म्हटल्यावर भाग मिळतात का?

अकराशे
क्रम सांगतो: आधी कागद, मग पत्रा, मग पुढचं सस्पेन्शन, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमके उलटे जातात. बॉनेट उघडतात, इंजिनाचा आवाज ऐकतात आणि तिथेच खूष होऊन इसार देतात. या गाडीचं इंजिन १०८९ सीसी, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, पुशरॉडवाले व्हॉल्व्ह, बिडाचा ब्लॉक आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. इतकं साधं की कुठलाही जाणता मिस्त्री आणि एक मशीनशॉप मिळून ते नव्यासारखं करून देतात. कुजलेली बॉडी आणि अडकलेली आरसी मात्र पैसे ओतूनही सुटेलच असं नाही.

ओळख पटवायला थोडी माहिती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यात ही गाडी बनायची. मूळ आराखडा फियाट ११०० चा. फियाटशी परवान्याचा करार संपल्यावर आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' असं नाव लागलं. म्हणून फियाट नावाने आलेली आधीची डिलाइट, प्रेसिडेंट आणि सुरुवातीची पद्मिनी यांचे बरेच भाग एकमेकांना बसतात. शेवटच्या काळातल्या गाड्यांना जमिनीवरचा गिअर आला. ती गिअरपेटी वेगळी, तिचे भाग तुमच्या गाडीला चालणार नाहीत. डिझेल पद्मिनीचं इंजिन इटालियन एफएनएम घराण्यातलं, त्याच्या नादी लागू नका. तुमची पेट्रोल आहे ते बरं झालं.

पत्रापारखी
'रंग नवा' हे वाचूनच कान टवकारले. विकण्याआधी मारलेला रंग म्हणजे खाली काय आहे ते दाखवायचं नाही, असं धरून चाला.

या गाडीला वेगळी चेसिस नाही. बॉडी आणि फ्लोअर मिळूनच सांगाडा होतो. त्यामुळे दाराखालची पेटी (सिल) कुजली तर ते नुसतं दिसण्याचं दुखणं नसतं, गाडी मधून वाकते. सोबत नेण्याच्या वस्तू: छोटं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, जुनी चादर आणि घोड्या (स्टँड). नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका.

१. सिल आणि जॅक लावायची जागा. चुंबक पुढून मागे सरकवत न्या. जिथे पकड सुटते तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. जॅकच्या जागी जॅक लावून एक बाजू उचला आणि त्याच बाजूचं पुढचं दार उघडबंद करा. दार अडकलं किंवा फट बदलली तर सिल आतून संपली आहे.

२. फ्लोअर. मॅट आणि खालचं नमद्याचं अस्तर उचलायला लावा. विक्रेता 'कशाला काढता' म्हणाला तर उत्तर मिळालं. ड्रायव्हरच्या टाचेखालचा भाग आणि पुढच्या सीटच्या पायांभोवतीचा भाग आधी जातो. कारण बहुतेकदा पुढच्या काचेचं वाळलेलं रबर. तिथून पाणी डॅशबोर्डामागून उतरतं आणि नमद्यात महिनोन्महिने मुरतं. नवं फ्लोअर जोडलं आणि रबर तेच ठेवलं तर दोन पावसाळ्यांत परत तेच.

३. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बॉडीला जिथे टांगलेले असतात ती जागा. डिकीतलं अस्तर काढून वरून आणि खाली झोपून खालून, दोन्हीकडून बघा. इथला पत्रा गेला असेल तर सौदा सोडा. जोड देता येतो, पण जिग (पत्रा मापात धरून ठेवणारा साचा) नसताना दोन्ही पाटे एका रेषेत आणणारा कारागीर दुर्मीळ.

४. पुढच्या सस्पेन्शनची माउंटिंग आणि बॅटरीखालचा ट्रे. अ‍ॅसिडने ट्रे गेला तर बदलता येतो, त्याखालचा पत्रा खाल्ला असेल तर काम वाढतं.

५. दारांच्या खालच्या कडा. पाणी जायची भोकं रंगाने बुजलेली असतात. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळलं तर हसू नका, तसं खरंच होतं.

खालून ताजं काळं डांबर मारलेलं असेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, डांबराने धरून ठेवलेला गंज धप्प.

आणखी एक: ही जुनी टॅक्सी तर नाही ना, हे नक्की बघा. मुंबईच्या टॅक्सीचं मीटर बाहेर, डाव्या बाजूला पुढे असायचं. तिथे बुजवलेली भोकं, छताच्या गटारीत कॅरिअरचे व्रण, दाराचं रबर उचकल्यावर खाली पिवळा रंग, ही तिन्ही चिन्हं शोधा. टॅक्सी वाईट म्हणून नव्हे, पण तिचं आयुष्य खाजगी गाडीच्या कितीतरी पट धावण्यात गेलेलं असतं आणि कागदांतही गुंता निघतो.

फॉर्म_तीस
आता कागद. तुमच्या वर्णनात तीन गाठी आहेत: मालक हयात नाहीत, आरसी संपली आहे, आणि गाडी जुन्या तीन अक्षरी नंबरची असणार (एमएच मालिका १९८९ नंतरची).

पहिलं काम, गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत दिसतो का ते बघणं. जुन्या रजिस्टरमधल्या कित्येक गाड्या संगणकात चढलेल्याच नाहीत. दिसत नसेल तर मूळ आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी जुनं आरसी पुस्तक लागतं. पुस्तकही नाही आणि नोंदही नाही, असं असेल तर तिथूनच परत फिरा.

दिसत असेल तर चार गोष्टी जुळवा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या आणि आरसीशी ताडा. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद हवी. काही पद्मिन्यांत प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीचं ११७१ सीसी निसान इंजिन बसवलेलं सापडतं. चालतं छान, पण नोंद नसेल तर तपासणीत अडकतं. तिसरं, आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा. १९८४ चं कर्ज कधीच फिटलेलं असतं, बोजा मात्र कुणी उतरवलेला नसतो. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. मधल्या काळात ती बँक दुसरीत विलीन झाली असेल तर विक्रेत्याला धावपळ करू द्या, तुम्ही करू नका. चौथं, इंधनाचा रकाना. सीएनजी किट बसवलेलं असेल तर ते आरसीवर हवं आणि सिलिंडरची दर ३ वर्षांची हायड्रो चाचणी झालेली हवी.

मग क्रम असा:

• वारसाच्या नावावर हस्तांतरण, फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला, वारसदाखला किंवा प्रतिज्ञापत्र, बाकीच्या वारसांची संमती. बहिणीची सही राहिली म्हणून अडकलेले सौदे थोडेथोडके नाहीत.
• आरसीचं नूतनीकरण, फॉर्म २५. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर वेळी ५ वर्षं. अर्ज मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत करायचा असतो. इथे मुदत गेलेली आहे, त्यामुळे उशिराचं शुल्क दरमहा ५०० रुपये या हिशोबाने चढतं. १५ वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं. २० वर्षांवरच्या मोटारींना ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने ते १०,००० केलं आहे. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा.
• त्यानंतर तुमच्या नावावर, फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत नेणार असाल तर फॉर्म २८ ची एनओसी.

नूतनीकरणाला गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते आणि त्याआधी विमा व पीयूसी हवं. म्हणजे गाडी चालती करण्याचा खर्च नोंदणीच्या आधी येतो. म्हणून इसार थोडा द्या आणि उरलेली रक्कम 'नूतनीकरण झालेल्या आरसीवर' असं लिहून घ्या. आरसी संपलेली गाडी रस्त्याने चालवत आणू नका, टेम्पोवर चढवा.

नवखा_चालक
धन्यवाद. विन्टेज म्हणून नोंदवली तर हे सगळं टळेल का?

फॉर्म_तीस
नाही. विन्टेजचे नियम जुलै २०२१ चे आहेत आणि पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांनाच लागू होतात. तुमची १९८४ ची, तिला २०३४ उजाडेल. पद्मिनीत सध्या फक्त अगदी सुरुवातीच्या गाड्या त्यात बसतात. शिवाय नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये. नंबर 'व्हीए' मालिकेतला. मुख्य अट वापराची: प्रदर्शन, विन्टेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. आठवड्याला ५०-६० किमी सहज फिरायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

ग्रीसगन
'बॅटरी लावली की लगेच चालू होतं' ही गाडी कृपया चालू करू देऊ नका. ६ वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या, रिंगा चिकटलेल्या आणि बेअरिंगवर तेलाचा थर नाही. पहिल्या दहा सेकंदांत जेवढी झीज होते तेवढी दहा हजार किलोमीटरमध्ये होत नसेल. (आकडा मोजलेला नाही, पण मिस्त्री हेच म्हणतात आणि त्यात तथ्य आहे.)

उठवायची पद्धत:

चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये १० मिली साधं इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस तसंच ठेवा. मग प्लग बाहेरच ठेवून, चौथा गिअर टाकून गाडी हळूहळू पुढे-मागे ढकला. इंजिन फिरलं तर उत्तम. अडलं तर जोर लावू नका, परत तेल आणि परत दोन दिवस.

जुनं ऑइल आणि फिल्टर बदला. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करून आत टॉर्च मारून बघा. तळाशी तपकिरी चिखल असेल तर टाकी उतरवून धुवावीच लागेल. तोच चिखल पंपातून कार्बोरेटरच्या जेटपर्यंत जातो आणि गाडी दर पाच किलोमीटरवर बंद पडते. लोक मग कार्बोरेटर चार वेळा उघडतात, टाकीकडे कुणी बघत नाही.

कॉइलची वायर काढून, प्लग बाहेर असतानाच स्टार्टर मारा. एका वेळी १० सेकंदांहून जास्त नाही. ऑइलचा दिवा विझेपर्यंत हे करायचं. दिवा विझला की प्लग लावा, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (स्पार्कचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने पुसा, फट फीलर गेजने साधारण ०.४ मिमी, प्लगची ०.६ मिमी. आता चालू करा.

इंजिन गरम झाल्यावर कॉम्प्रेशन मोजा: प्लग सगळे बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारही आकड्यांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट मधून फाटलं आहे.

ऑइलचा दिवा गरम इंजिनाच्या आयडलिंगला लुकलुकत असेल तर बल्ब किंवा स्विचवर भरवसा ठेवू नका. स्विच काढून तिथे यांत्रिक गेज लावून दाब बघा. या इंजिनाला मेन बेअरिंग तीनच आहेत, ती सैल झाली की दाब पहिला पडतो.

रिबोअर (सिलिंडर घासून मोठा करणं) झालेलं असेल तर कितव्या ओव्हरसाइजचे पिस्टन आहेत ते विचारा. शेवटच्या साइजला पोचलेला ब्लॉकही टाकाऊ नसतो. आत स्लीव्ह (नवी नळी) दाबून परत ६८ मिमीवर आणता येतो.

पत्रापारखी
ग्रीसगन यांना अनुमोदन. एक जोड: क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असू शकते. पेडल दाबूनही गिअर पडत नाही म्हणून लोक गिअरपेटी उतरवतात. आधी इंजिन गरम करून घ्या, मग ते बंद करून, मागची चाकं घोड्यांवर उचलून तिसरा गिअर टाका, क्लच दाबून धरा आणि दुसऱ्याला हळूच ब्रेक मारायला सांगत स्टार्टर द्या. बऱ्याचदा सुटते. पुढच्या चाकांना दगड लावायला विसरू नका आणि समोर कुणी उभं राहायचं नाही.

किंगपिन
इंजिनाबद्दल इतकं लिहून झालं आणि ब्रेकचा उल्लेख नाही? गाडी हलवण्याआधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम, आणि जुन्या मॉडेलमध्ये मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. म्हणजे एका चाकाचा होज फाटला तर चारही ब्रेक गेले. उभ्या गाडीत पुढीलपैकी काहीही 'चाललंय की' म्हणून ठेवू नका: मास्टर सिलिंडरचं किट, चारही चाकांच्या व्हील सिलिंडरचे रबरी वायसर, सगळे रबरी होज. होज बाहेरून चांगला दिसतो, आतून फुगलेला असतो. मग पेडल सोडलं तरी दाब परत जात नाही आणि चाक धरून राहतं. ड्रम हाताला भाजला की समजायचं.

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, दर २ वर्षांनी पूर्ण बदल. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि त्या पाण्याने व्हील सिलिंडर आतून गंजतो. सिलिंडरला आत खड्डे पडले असतील तर नवा वायसर आठवडाभरच टिकेल. इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाऊ देऊ नका, सगळी रबरं फुगतात.

पुढचं सस्पेन्शन: किंगपिन (ज्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती पिन) आणि तिचे बुश ही पद्मिनीची कायमची तक्रार. तपासायला चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा किंवा विशबोनच्या बुशांचा. मग चाक डावी-उजवीकडे हलवा. तिथला खेळ ट्रॅक रॉडच्या टोकांचा, आयडलरचा किंवा स्टीअरिंग बॉक्सचा.

किंगपिन मरतात ते ग्रीस नसल्यामुळे. निपलमध्ये ग्रीस जातं असं दिसतं, प्रत्यक्षात ते बाजूने बाहेर येतं आणि आत कोरडं राहतं. चाक उचलून, वजन काढून ग्रीस मारा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत थांबू नका. तुमच्या वापराला दर दीड-दोन हजार किमी किंवा ६ महिने, आणि पावसाळा संपल्यावर एकदा नक्की.

मागचे पाटे: मुख्य पाटा तुटला की गाडी एका बाजूला कलते, हे सगळ्यांना दिसतं. सेंटर बोल्ट तुटलेला दिसत नाही. त्याने अ‍ॅक्सल थोडा मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. दोन्ही बाजूंचं पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा.

चालवताना ठराविक वेगाला फ्लोअरखालून घरघर आली तर प्रोपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग आणि क्रॉस बघा. डिफरन्शिअलला उगाच दोष देतात.

टायर १४ इंची, मूळ माप ५.२०-१४. नक्षी कितीही असो, बाजूवरचा चार आकडी उत्पादनाचा आठवडा-वर्ष वाचा. २०१९ पासून एकाच जागी उभे असलेले टायर बदलण्याच्या यादीतच लिहा.

नवखा_चालक
आणि इंधन? सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) झालं आहे. जुनी गाडी टिकेल?

अकराशे
टिकते, पण दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करतात.

पहिला प्रश्न रबराचा. इथेनॉलने जुनी रबरं फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. यात येतात टाकीपासूनचे सगळे छोटे होज, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरच्या सीली. होज घेताना 'पेट्रोल पाइप' म्हणून मिळणारा पारदर्शक प्लास्टिकचा नको. आर९ दर्जाचा, आतून फ्लोरोरबर असलेला घ्या. पंपाच्या किटमधला पडदा इथेनॉलला चालणारा आहे का ते विचारून घ्या. पडदा फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का, आणि ऑइलची पातळी आपोआप वाढली का, हे महिन्यातून एकदा बघायचं ते यासाठी.

दुसरा प्रश्न मिश्रणाचा. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला ८-९ टक्के जास्त इंधन हवं. नव्या गाडीत संगणक ते जुळवतो, कार्बोरेटर जुळवत नाही. गाडी पातळ मिश्रणावर चालते: थंडीत चोक जास्त वेळ लागतो, वेग घेताना अडखळते, गरम जास्त होते. उपाय मेन जेटचा. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. समजा ११५ चा जेट आहे. त्याऐवजी १२० लावला तर भोकाचं क्षेत्रफळ जवळपास ९ टक्क्यांनी वाढतं. एकाच पायरीत बरोबर लागू पडतं. पण आधी प्लग बघा. ते काळे असतील तर तुमचा जेट आधीच कुणीतरी मोठा केलेला आहे. पांढरट-राखाडी असतील तर बदला. टाचणीने भोक मोठं करू नका.

ग्रीसगन
याला तिसरा प्रश्न जोडा: उभी ठेवण्याचा. इथेनॉल पाणी ओढतं, प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंपाची नळी नेमकी तिथूनच ओढते. दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी तुडुंब भरा म्हणजे आत हवा कमी राहील, आणि कार्बोरेटरचा कप रिकामा करा.

धूरमापी
पीयूसीला या वयाच्या चारचाकीची मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के, हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. जेट मोठा केल्यावर आयडलिंगचा स्क्रू परत लावून घ्या, नाहीतर तिथे अडाल. गरम इंजिनावर, चोक पूर्ण आत. इंजिन डळमळायला लागेपर्यंत मिश्रणाचा स्क्रू आत, मग पाव-पाव फेरा बाहेर.

नवखा_चालक
उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये बंद पडते असं सगळे सांगतात.

अकराशे
'बंद पडते' यात दोन आजार आहेत. तापमानाचा काटा वर जाऊन बंद पडली तर कूलिंग. काटा मध्यावर असून बंद पडली आणि वीस मिनिटांनी आपोआप चालू झाली तर पेट्रोलची वाफ, म्हणजे व्हेपर लॉक. (त्या वेळी स्पार्क बघून घ्या. कमजोर कॉइल किंवा कंडेन्सर गरम झाल्यावर हुबेहूब असंच वागतो.)

व्हेपर लॉकला: पंप आणि ब्लॉक यांच्यामधला इन्सुलेटिंग तुकडा जागेवर हवा. अनेक गाड्यांत तो फेकून नुसतं कागदी पॅकिंग लावलेलं असतं. उलट टोकही आहे. जास्तीची जाड पॅकिंग घातली तर पंपाच्या दांड्याची हालचाल कमी होते आणि चढावर पेट्रोल पुरत नाही. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या. रस्त्यात अडलात तर पंपावर ओलं फडकं, हा जुना टॅक्सीवाल्यांचा उपाय आजही चालतो.

कूलिंगला: हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. साधं नळाचं पाणी भरत राहिलात तर हेडमधल्या पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात आणि गाळ रेडिएटरच्या खालच्या नळ्यांत बसतो. रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर तो टाकू नका. वरची-खालची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवून परत झाळता येतो. नंतर कूलंट, डिमिनरलाइज्ड पाण्यात निम्मं-निम्मं. थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय वाईट: इंजिन कधीच पुरेसं गरम होत नाही, ऑइलमध्ये पाणी राहतं, झीज वाढते.

एकदा खूप तापली की हेड वाकतं. गॅस्केट बदलायच्या आधी हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घाला. ०.१ मिमीचं पान आत गेलं तर आधी फेसिंग, म्हणजे हेड मशीनवर सपाट करून घेणं. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. गाडी गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर परत एकदा, आणि त्यानंतर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट लावा, थंड इंजिनावर.

किंगपिन
इलेक्ट्रिक फॅन लावून टाका, एवढं पुराण नको.

अकराशे
डायनॅमो असेल तर नको. आयडलिंगला डायनॅमो जवळपास काहीच देत नाही, आणि फॅन नेमका तेव्हाच लागतो. रात्री हेडलाइट, फॅन, वायपर एकदम लावलेत तर बॅटरी बसेल. अल्टरनेटर असेल तर रिले आणि वेगळा फ्यूज घालून लावा. चार्जिंग १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसलं पाहिजे.

सुटे_भाग
भाग मिळतात का? झिजणारे सगळे मिळतात: ब्रेक किट, किंगपिन सेट, बुश, क्लच, गॅस्केट सेट, वॉटर पंप, पॉइंट-कंडेन्सर, पिस्टन-रिंगा. कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीचं काश्मिरी गेट ही दोन ठिकाणं अजून जिवंत आहेत. दर्जा मात्र तपासून घ्या. किंगपिनचा बुश हातानेच आत सरकला तर तो भंगार, तो दाबून बसवून रीमरने मापात आणावा लागतो. रबरी वस्तू पॅकबंद असल्या तरी वीस वर्षं जुन्या असू शकतात. वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर परत करा.

अवघड ते दिसण्यातले भाग: जाळी, बंपरचे कोपरे, टेल लाइटच्या काचा, दारांची मूळ हँडलं, डॅशबोर्डावरची घड्याळं, क्रोमच्या पट्ट्या, मागची वाकडी काच. म्हणून मघाच्या यादीत एक ओळ वाढवा. जी गाडी यांत्रिकदृष्ट्या मेलेली पण क्रोम-काचांनी पूर्ण आहे, ती चालू पण अर्धवट गाडीपेक्षा स्वस्त पडते. २०२३ मध्ये मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, त्याआधीच त्या भंगारात गेल्याने पत्र्याचे भाग येत राहिले. आता तो झरा आटला आहे. चांगलं दार किंवा बॉनेट दिसलं तर घेऊन ठेवा.

धूरमापी
इलेक्ट्रॉनिक इग्निशनबद्दल मत? पॉइंट दर काही हजार किमीला बघावे लागतात.

ग्रीसगन
लावा, पण जुने पॉइंट-कंडेन्सर लावलेली प्लेट डिकीत ठेवा. मॉड्यूल गेलं की ते रस्त्यात दुरुस्त होत नाही, पॉइंट नखाच्या फाइलने होतात. आणि आधी डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश तपासा. तो सैल असेल तर पॉइंटची फट दर सिलिंडरला वेगळी येते, लोक पॉइंटना शिव्या देतात.

नवखा_चालक
काल पुन्हा जाऊन बघितली. सिल आणि पाट्यांच्या जागा चांगल्या आहेत, ड्रायव्हरच्या बाजूचं फ्लोअर तळहाताएवढं गेलं आहे. नंबर 'वाहन'वर दिसतो, बोजा नाही. उभ्या गाडीत गिअर पहिल्यातून काढताना दांडा मध्येच अडकला, हलेचना. गिअरपेटी गेली का?

किंगपिन
नाही. स्टीअरिंगखालून गिअरपेटीपर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे बुश झिजले आहेत. त्यामुळे दांडा तिरका ओढला गेला की दोन बाजू एकदम अर्ध्या-अर्ध्या गुंततात. इंजिन बंद, क्लच दुसऱ्याला दाबून धरायला सांगा, हँडब्रेक लावा, बॉनेट उघडा. कॉलमच्या खालच्या टोकाला दांड्यांचे आखूड हात दिसतील. ते हाताने मधल्या, न्यूट्रलच्या जागी आणा, टक असा आवाज येऊन दांडा मोकळा होतो. मग सगळे बुश एकदम बदला, एकच नवा घातलात तर बाकीच्यांचा खेळ तसाच राहतो. आणि या गिअरपेटीत पहिल्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी कडी) नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका. ऑइल ९० नंबर, जीएल-४ घ्या. जीएल-५ मधल्या काही तेलांनी सिंक्रोची पितळी कडी खाल्ली जाते.

पत्रापारखी
तळहाताएवढं फ्लोअर म्हणजे काहीच नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, वर तुकडा ठेवून वेल्ड करू नका, कडेला कड जोडा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, नमदा पूर्ण बाहेर, जवळून पेट्रोलची नळी जाते का ते खालून बघा. झाल्यावर दोन्ही बाजूंनी झिंक प्रायमर, सांध्याला सीलर, आणि त्याच दिवशी पुढच्या काचेचं रबर.

फॉर्म_तीस
फॉर्म ३१ वर सगळ्या वारसांच्या सह्या झाल्या का, ते आधी सांगा. वेल्डिंग नंतर.